पागोळीचं पाणी माशांच्या टाकीत: ॲक्वापोनिक्सला पावसाचं पाणी चालतं का?

गच्चीकर

नमस्कार मंडळी. घरच्या ॲक्वापोनिक्सवर (माशांच्या टाकीचं पाणी भाजीला फिरवायचं आणि परत टाकीत आणायचं) इथे अधूनमधून बोलणं झालं आहे, पण फक्त पाण्यावर धागा सापडला नाही म्हणून काढतोय.

आमचं घर पुण्याच्या पूर्वेला. हजार लिटरची माशांची टाकी, खडी भरलेले दोन वाफे आणि पाण्यावर तरंगणारा, रोपं धरणारा एक छोटा थर्माकोलचा राफ्ट. मासे रोहू आणि कोई कार्प. वर पालक, पुदिना, टोमॅटो. पाणी बोअरचं, आणि ते इतकं जड की नळाच्या जाळ्या वरचेवर पांढऱ्या होतात. टाकीचा पीएच आठच्या खाली येतच नाही. पालकाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नळाचं पाणी दिवसाआड येतं आणि त्याला क्लोरीनचा वास असतो, ते थेट घालायचं धाडस होत नाही.

यंदा पार्किंगवर साधारण ६० चौरस मीटरची पत्र्याची शेड झाली आहे. पन्हळ लावून ते पाणी धरावं आणि सिस्टिमला वापरावं असा विचार आहे. माशांना ते सोसेल का? वरची भाजी आम्ही आणि मुलं खातो, म्हणजे तीही बाजू आलीच. ज्यांनी केलं आहे त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

पुदिना

वाचतेय. आमच्याकडेही हेच करायचं आहे.

वळीव

बिनधास्त वापरा. पावसाइतकं शुद्ध पाणी दुसरं नाही. ना क्लोरीन, ना क्षार. नदीतल्या माशांना तरी दुसरं कुठलं पाणी मिळतं?

तळकोकणी

@वळीव, नदीतलं पाणी डोंगरातून, मातीतून, खडकांवरून झिरपत येतं आणि वाटेत बरंच काही घेऊन येतं. छपरावरून थेट ड्रममध्ये पडलेलं पाणी वेगळं.

आमच्याकडे कुडाळला पावसाला तोटा नाही, त्यामुळे माझी सिस्टिम जवळजवळ पूर्ण पावसावर आणि विहिरीवर चालते. विहीर जांभ्यातली, म्हणजे तेही पाणी मऊच. गच्चीकर, तुमचं दुखणं आमच्या बरोबर उलट आहे. तुमचा पीएच उतरत नाही, आमचा वर राहत नाही. म्हणून आमच्याकडे टाकीत शिंपल्यांची पिशवी कायम लटकलेली असते. तिसऱ्यांची एकशिपी झाली की शिंपल्या फेकायच्या नाहीत. उकळायच्या, ब्रशने घासायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या, मग पोत्यात घालून हातोड्याने जाडसर फोडायच्या आणि कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून पाणी जिथे पडतं तिथे टांगायच्या. पाणी आंबट व्हायला लागलं की शिंपली आपोआप विरघळते, पाणी सावरलं की थांबते. पिशवी हाताला हलकी लागली की नव्या भरायच्या. काही महिन्यांनी शिंपल्यांच्या कडा बोटाला पातळ आणि खरबरीत लागतात, त्यावरून कळतं की काम चालू आहे.

निवांत

धागा माशांचा आणि तिसऱ्याच प्रतिसादात एकशिपी! तळकोकणी, पाककृती वेगळ्या धाग्यावर टाका, भूक लागली.

रसायनवाली

तळकोकणींनी मुद्द्यावर बोट ठेवलं आहे, त्यामागचं रसायन सांगते. पावसाच्या पाण्याबद्दल बहुतेक लोक घाणीला घाबरतात. घाण महत्त्वाची आहेच, पण ॲक्वापोनिक्समध्ये मासे जास्त मरतात ते पाणी *रिकामं* असल्यामुळे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचा पीएच साधारण ५.६ असतो. पण तो आकडा फारसा महत्त्वाचा नाही. त्या पाण्यात आम्ल पचवायची ताकद जवळपास शून्य असते, हे महत्त्वाचं. या ताकदीला मत्स्यालयवाले केएच म्हणतात, कार्बोनेट हार्डनेस.

आता आपल्या सिस्टिममध्ये काय होतं? मासे अमोनिया टाकतात, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते करताना आम्ल तयार होतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ७.१ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी केएच खर्च होते. समजा तुम्ही रोज २० ग्रॅम खाद्य घालता, ३२ टक्के प्रथिनांचं. त्यातून साधारण ०.६ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निघतो. म्हणजे सव्वाचार ग्रॅमच्या आसपास केएच रोज गेली. हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे चार मिलिग्रॅम. झाडं नायट्रेट घेताना थोडी परत करतात, पण सगळी नाही. निव्वळ पावसाच्या पाण्यात लिटरला दहा-पंधरा मिलिग्रॅमसुद्धा नसते. चारेक दिवसांत संपली.

ती संपेपर्यंत पीएच शहाण्यासारखा सातवर उभा असतो. संपली की धाडकन साडेपाचवर. तिथे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात आणि अमोनिया साचू लागतो.

वळीव

@रसायनवाली, हे माहीत नव्हतं. म्हणजे पीएच रोज मोजूनही कळणार नाही?

रसायनवाली

पीएच उशिरा सांगतो. केएचचं थेंबांचं किट घ्या, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब मोजत टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री, म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. तीन ते पाच थेंब लागत असतील तर निश्चिंत राहा. एका थेंबात रंग बदलला तर पिशवी भरायची वेळ झाली.

टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो. टीडीएस ३०० दिसेल, पण ते सगळं नायट्रेट आणि मीठ असू शकतं, केएच शून्य. आणि पावसाच्या पाण्यात पेनसारखा पीएच मीटर बुडवला तर आकडा स्थिरच होत नाही, रेंगाळत राहतो. मीटर बिघडलेला नसतो. पाण्यात आयन इतके कमी असतात की मीटरला पकड मिळत नाही. तिथे थेंबांचं किट बरं.

आजीचा_नातू

चुन्याची निवळी घातली तर? पानाच्या डब्यातला चुना, घरात असतोच. शिंपल्या कुठे शोधत बसणार, आम्ही सोलापूरचे.

तळकोकणी

सोलापूरला तिसऱ्या मिळायच्या नाहीत, खरं. कुक्कुटपालनाच्या दुकानात शिंपल्याचा चुरा मिळतो, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो. स्वस्त आहे. औषध मिसळलेला नाही ना, ते विचारून घ्या.

रसायनवाली

@आजीचा_नातू, चुना चालतो, पण तो नुसता हातात आला म्हणून घालायची वस्तू नाही. हे जरा सविस्तर लिहिते, कारण माशांची मोठी मर बहुधा इथेच होते.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक माशांना फारसं बाधत नाही, दुसरं विषारी. कुठलं किती, ते पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ६ असताना विषारी भाग जेमतेम ०.०६ टक्के. पीएच ७ ला अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. आता चित्र डोळ्यांपुढे आणा: पीएच साडेपाचला पडलाय, जिवाणू थंडावलेत, अमोनिया साचलाय, पण आम्लामुळे तो निरुपद्रवी रूपात आहे. मासे जरा मलूल, पण जिवंत. कुणीतरी पीएच बघून घाबरतं आणि वाटीभर चुना ओततं. तासाभरात पीएच आठ. तोच अमोनिया सुमारे तीनशेपट विषारी झाला. आमच्या ओळखीतल्या एका घरी रात्री चुना घातला आणि सकाळी सगळे रोहू उलटे तरंगत होते. त्यांनी दोष पावसाला दिला.

म्हणून पीएच पडलेला दिसला तर आधी अमोनिया मोजा. खाद्य बंद करा. थोडं थोडं पाणी बदला. मग शिंपल्या किंवा खायचा सोडा अगदी चिमटी-चिमटीने, दिवसाला पीएच ०.२-०.३ पेक्षा जास्त वर जाणार नाही असा. खायचा सोडा आणीबाणीलाच, कारण त्यातलं सोडियम साचतं आणि झाडांना सोसत नाही. नेहमीसाठी पोटॅशियम बायकार्बोनेट चांगलं, झाडांना पालाशही मिळतं.

मातीचाहात

वाचनखूण साठवली. ही माहिती आधी मिळायला हवी होती.

वळीव

मी वर "बिनधास्त" लिहिलं होतं, ते आता "केएच मोजून बिनधास्त" असं वाचा.

लातूरकर_शेतकरी

गच्चीकर, तुमच्याकडे बोअर आहे आणि पाऊसही आहे. दोन्हीत जे नको ते एकमेकांत मिसळलं की बरोबर होतं. आम्ही तेच करतो. आमच्या बोअरला केएच भरपूर, पावसाला अजिबात नाही. बोअरचं एक भाग, पावसाचं तीन भाग. शिंपल्या, चुना, सोडा काही लागत नाही. दुष्काळात पाऊस साठवलेला संपला की निव्वळ बोअर, तेव्हा पानं पिवळी. पुन्हा जूनमध्ये हिरवी. आमच्या भागात पाण्याचा थेंब किती मोलाचा ते सांगायला नको, पण या कामाला पाणी शेतीच्या मानाने फारच कमी लागतं. जे उडून जातं आणि झाडं पितात तेवढंच भरायचं.

गच्चीकर

धन्यवाद सगळ्यांना! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज किट आणलं. बोअरला १६ थेंब लागले, म्हणजे २८० च्या वर. कालच्या पावसाचं पाणी स्टीलच्या पातेल्यात थेट आकाशातून धरलं होतं, त्यात पहिल्याच थेंबाला रंग बदलला. रोजचं खाद्य साधारण रसायनवालींनी धरलं तेवढंच. लातूरकरांच्या हिशेबाने एकास तीन घेतलं तर चार थेंबांवर येईल.

रसायनवाली

अगदी बरोबर. आणि तुमचा पीएच आठवर का अडकलाय तेही यातून कळतं. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज दहा-पंधरा लिटर बोअर घालत असाल तर त्यातूनच रोज तीन-चार ग्रॅम केएच येते. जिवाणू जेवढी खातात जवळपास तेवढीच. उतरणार कसा?

खडीसुद्धा तपासा. एका वाटीत दोन खडे घेऊन व्हिनेगर किंवा लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडीचा अंश आहे. पुण्याकडची काळी खडी सहसा फसफसत नाही.

एक सूचना. मिश्रण टाकीत करू नका, बाहेर ड्रममध्ये करा, रात्रभर हवेचा दगड (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवा आणि मग घाला. एका वेळी टाकीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. आठच्या पाण्याला सरावलेल्या माशांना एकदम मऊ, थंड पाण्यात टाकलं तर कल्ल्यांवर ताण येतो. सातच्या खाली यायला महिनाभर लागला तरी चालेल, घाई नको.

डासमुक्त

सगळे केएचमध्ये रमलेत, पण पत्र्याबद्दल कुणीच बोलत नाही? शेड *पत्र्याची* आहे. पत्रा कुठला? साधा जीआय असेल तर त्यावर जस्ताचा मुलामा असतो. पावसाचं आंबट, मऊ पाणी जस्त विरघळवतं आणि जस्त माशांच्या कल्ल्यांना घातक. मऊ पाण्यात त्याचा त्रास जास्त, कारण कॅल्शियम असलं की ते कल्ल्यांचं थोडं रक्षण करतं. तांब्याचंही तेच. पितळी कॉक, तांब्याची नळी काहीच वापरू नका. गोगलगायी आणि कोळंबी तर अगदी थोड्या तांब्यानेही मरतात.

गच्चीकर

पत्रा रंगीत, कलर कोटेड आहे. कापलेल्या कडा आणि स्क्रू मात्र उघडे दिसतात.

दूरदेशी

ॲडलेडहून लिहितोय. इथे घरोघरी पावसाच्या टाक्या असतात आणि परसातलं ॲक्वापोनिक्सही लोकप्रिय आहे, सिल्व्हर पर्च नावाचे मासे पाळतात. छपरं बहुतेक पत्र्याचीच. रंगीत, भाजलेल्या मुलाम्याचा पत्रा असला की फारशी अडचण येत नाही. जुना, मुलामा उडालेला, गंजका पत्रा, शिशाची पट्टी मारलेले सांधे, आणि ताजा रंग किंवा डांबर लावलेलं छप्पर, हे टाळतात. नवा पत्रा असेल तर पहिले काही पाऊस वाहून जाऊ द्यावेत, कारखान्यातलं तेल धुऊन निघतं. निलगिरीची पानं पन्हळीत कुजली की पाणी चहासारखं होतं. तुमच्याकडे गुलमोहर-रेन ट्री असेल तर पन्हळीवर जाळी बसवा.

जाता जाता, सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते घासून धुवायला अजिबात जाऊ नका, धूळ फुप्फुसात जाते. ते पाणी बाजूला काढलेलं बरं.

पुदिना

आमच्या गच्चीवर चायना मोझाइक आहे आणि कबुतरं भरपूर. पाणी गच्चीवरूनच येणार. काय करू?

डासमुक्त

@पुदिना, कबुतरांसाठी पहिला पाऊस सोडून देणं हाच उपाय. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. पहिले दीड-दोन मिलिमीटर सोडायचे. गच्चीकरांच्या ६० मीटरला १२० लिटर. बाजारात चार इंची पाइपाचा उभा तुकडा "फर्स्ट फ्लश" म्हणून विकतात, त्यात मीटरला जेमतेम आठ लिटर मावतात. मीटरभर पाइप लावून समाधान मानू नका, ड्रमच लागतो. ड्रममध्ये चेंडू तरंगत वर येतो, भरला की तोंड बंद होतं आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं. तळाला बारीक छिद्र ठेवा, म्हणजे तो हळूहळू रिकामा होऊन पुढच्या सरीला तयार. पाऊस आठवडाभर उघडला की पुन्हा घाण साचते, तेव्हा ड्रम रिकामा झालेला असायलाच हवा.

आणि गच्ची फिनेल, ॲसिडने धुणं बंद. नवीन वॉटरप्रूफिंग केलं असेल तर हा हंगाम पाणी झाडांनाच घाला.

आजीचा_नातू

आमची आजी म्हणायची, मृग लागल्यावर पहिला पाऊस अंगावर घ्यावा, घरात घेऊ नये. फर्स्ट फ्लश तेव्हाही होता!

मातीचाहात

प्रश्न आहे. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी किंवा आरओचं सोडलेलं पाणी वापरता येईल का? दोन्ही रोज बादलीभर वाया जातं, जीव हळहळतो.

रसायनवाली

दोन्ही माशांना नको. एसीचं पाणी पावसासारखंच रिकामं आणि वर तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून आलेलं. आरओच्या टाकाऊ पाण्यात सगळे क्षार दाटलेले, सोडियमसकट. फरशी पुसायला दोन्ही उत्तम. घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर तेही पाणी नको, तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो.

वळीव

साठवलेल्या पाण्यात तुरटी फिरवली तर गाळ बसेल ना? आणि थोडी ब्लीचिंग पावडर?

रसायनवाली

तुरटी नको. ती उरलीसुरली केएच खाते आणि आम्लात ॲल्युमिनियम माशांना बाधतं. गाळासाठी वाळू-खडीचा साधा थर किंवा जाड कापड पुरे. ब्लीचिंग घातली तर मासे आणि जिवाणू दोन्ही जातील. घालायचीच झाली तर नंतर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालून क्लोरीन मारावा लागतो. मग नळाचंच पाणी घेऊन हायपो घातलेला काय वाईट?

निवांत

मला भाजीचं कळत नाहीये. कबुतरांची विष्ठा धुतलेलं पाणी आणि माशांची विष्ठा असलेलं पाणी, त्यावरचा पालक मुलांना द्यायचा? मन धजत नाही.

तळकोकणी

माशांच्या विष्ठेची काळजी तुलनेने कमी. ई-कोलायसारखे जिवाणू मुळात उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातले. धोका कबुतरं, उंदीर, मांजरं यांचा. आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोची साथ असते, उंदराच्या लघवीतून येतो. म्हणून टाकीला, ड्रमला घट्ट झाकण, पन्हळीच्या तोंडाला बारीक जाळी, आणि पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच पाण्यात उतरायचं. यात मी तडजोड करत नाही.

पुदिना

पण मग कोशिंबीर? पुदिना तर कच्चाच खातो आपण.

तळकोकणी

मी देतो कच्चा. राफ्टवर पान पाण्याला लागतच नाही, मूळ तेवढं लागतं. काढल्यावर नळाच्या पाण्याने धुतो.

डासमुक्त

इथे मी असहमत. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई घरात असेल तर पावसाच्या पाण्यावरची पालेभाजी शिजवूनच. टोमॅटो, मिरची, वांगं कच्चं चालेल, फळ पाण्यापासून लांब असतं. यूव्ही दिवा बसवला तर साठवलेलं पाणी आत जाण्याआधी त्यातून जाऊ द्या, पण आधी गाळून, गढूळ पाण्यात यूव्ही कामाचा नाही. आणि सिस्टिमचं पाणी पानांवर शिंपडायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

तळकोकणी

लहान मुलांच्या बाबतीत तुमचं मान्य. आमच्या घरी सगळे मोठे आहेत.

लातूरकर_शेतकरी

नाव "डासमुक्त" आणि डासांवर अजून एक शब्द नाही?

डासमुक्त

येणारच होतो! डेंग्यूचा डास घाण गटारात नाही, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपालाही बारीक जाळी, लोक हा पाइप विसरतात. आठवड्यातून एकदा मिश्रणाचा ड्रम कोरडा करून आतून घासा, अंडी भिंतीला चिकटलेली असतात. माशांच्या टाकीत अळ्या टिकत नाहीत, मासे फस्त करतात. कीटकनाशक काही घालू नका. बीटीआय नावाची जिवाणूची पावडर मिळाली तर ती माशांना सोसते.

दूरदेशी

अवांतर पण विषयाला धरून. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात डॉ. जेम्स रॅकोसी यांनी १९८० च्या दशकापासून ॲक्वापोनिक्सवर काम केलं. आज जगभर जी राफ्टची पद्धत दिसते ती मोठ्या प्रमाणात तिथली. त्या बेटांवर घरोघरी छपराचं पाणी हौदात साठवतात, आणि त्यांची सिस्टिमही पावसाच्या पाण्यावर चालायची. ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून, रोज मोजून घालत आणि पीएच सातच्या आसपास ठेवत. लोह वेगळं घालत, लिटरला २ मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा. म्हणजे @आजीचा_नातू, तुमचा चुना तिथेही होता, पण रोजच्या मापाने.

आजीचा_नातू

आजीला सांगतो, सेंट क्रॉयपर्यंत चुना पोचला!

गच्चीकर

लोहाचा विषय निघाला म्हणून विचारतो. नवी पानं पिवळी म्हणजे लोह कमी असं समजून कृषी सेवा केंद्रातून लोहाचं चिलेट (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं संयुग) आणून घातलं होतं, पानं पिवळीच राहिली.

रसायनवाली

पाकिटावर ईडीटीए लिहिलं असणार. ते साडेसहाच्या वर टिकत नाही, तुमच्या आठच्या पाण्यात लगेच गंजून बसतं. ईडीडीएचए मागा, महाग आहे पण आठला काम करतं. पाणी लालसर होईल, घाबरू नका, माशांना त्याचं काही नाही. पीएच साडेसहाच्या आसपास आला की डीटीपीए पुरेल. पावसाचं प्रमाण वाढलं की मॅग्नेशियमही कमी पडू शकतं, मग महिन्यातून चिमूटभर एप्सम सॉल्ट.

पुदिना

टाकी केवढी घ्यावी साठवायला? दहा हजार लिटरची बघतेय.

लातूरकर_शेतकरी

एवढी कशाला? पुण्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटर धरला तर गच्चीकरांच्या शेडवरून पस्तीस हजार लिटर येईल, पण लागणार किती? हजार लिटरच्या सिस्टिमला रोज दहा-पंधरा लिटर, त्यातला पाऊण भाग पावसाचा. ऑक्टोबर ते मे साठी अडीच-तीन हजार लिटर पुरे. उन्हाळ्यात जास्त उडतं म्हणून तीन धरा. काळी टाकी घ्या, उजेड शिरला की शेवाळ. निळे जुने ड्रम घेताना आत आधी काय होतं ते विचारा, रसायनाचा असेल तर कितीही धुतला तरी नको. उरलेलं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला सोडा, बोअरही जगेल.

मातीचाहात

रोहूऐवजी मांगूर टाकले तर? काटक असतात म्हणे.

तळकोकणी

आफ्रिकन मांगूर पाळायला आपल्याकडे बंदी आहे. देशी मांगूर वेगळा, पण बाजारात देशी म्हणून दुसराच गळ्यात मारतात. तिलापियालाही मत्स्य विभागाची परवानगी लागते. घरच्यासाठी कोई, रोहू, कटला ठीक. आणि गच्चीकर, रोहू वाढले की कालवणाचं आमंत्रण इथेच द्या.

गच्चीकर

आमंत्रण पक्कं! तर मूळ प्रश्नाकडे येतो. ठरवलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा. पहिले दोन-तीन मोठे पाऊस सोडून देणार. पत्र्याच्या कापलेल्या कडांना रंगाचा हात देणार. १५० लिटरचा ड्रम फर्स्ट फ्लशला, पुढे कापड आणि वाळू, मग तीन हजारांची काळी टाकी. एकास तीन मिश्रण, आठवड्याला केएच. धाकटी साडेतीन वर्षांची आहे, त्यामुळे पालक शिजवूनच.

डासमुक्त

कडांचा रंग पूर्ण वाळून दोन पाऊस गेल्यावरच पाणी धरा. साठवलेल्या पाण्यातलं जस्त एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या, मत्स्यालयाच्या किटमध्ये ते कळत नाही.

रसायनवाली

एक राहिलं. एकास तीन मिश्रणाच्या दहा-पंधरा लिटरमधून रोज जेमतेम एक ग्रॅम केएच येईल, म्हणजे आत्ताच्या खाद्यालाही ती कमी पडेल. टाकीची केएच फार उतरायला लागली किंवा खाद्य वाढलं की बोअरचा भाग वाढवा. शिंपल्यांची पिशवीही आत्ताच करून ठेवा.

गच्चीकर

शिंपल्यांचा चुरा उद्या मार्केट यार्डाकडे बघतो. किती किलो घेऊ?

तळकोकणी

दोन किलो पुष्कळ. आधी बादलीत धुऊन घ्या, पांढरं पाणी जाईपर्यंत.